‘एक’ म्हणजे किती व्होल्ट? : पाच व्होल्टांच्या मायक्रोकंट्रोलरला मेमरी कार्ड जोडण्याविषयी

१. प्रास्ताविक

भाषाविज्ञान विभागाच्या पत्रिकेत विद्युत्‌मंडलाच्या जोडणीविषयी लेख यावा, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. परंतु ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकाचे उपकरणांवाचून चालत नाही, हे नव्याने सांगावयास नको. पूर्वी ही उपकरणे तयार होऊन प्रयोगशाळेत येत आणि त्यांच्या अंतरंगात डोकावण्याचा प्रसंग अभ्यासकावर क्वचितच येई. आज आपले विद्यार्थी लहानसहान नोंदयंत्रे स्वतःच जुळवितात. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र उपकरण स्वतः घडविले की त्याच्या चुकांची जबाबदारीही स्वतःकडेच येते.

प्रस्तुत लेखकास ही जबाबदारी एका फसलेल्या क्षेत्रकार्यातून कळली. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ या अक्षरांचे तालव्य व दंत्य असे दोन उच्चार आहेत आणि लिपी त्यांत भेद करीत नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया, यातील ‘ज’ तालव्य. ‘जग’ हे ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप, यातील ‘ज’ दंत्य. ‘चार’ ही संख्या आणि ‘गुरे चार’ यातील ‘चार’, किंवा वार्धक्यवाचक ‘जरा’ आणि ‘थोडे’ या अर्थाचा ‘जरा’, या जोड्याही तशाच. अशा जोड्यांतील एकेक शब्द ध्वनिमुद्रणावरून ऐकवावयाचा, श्रोत्याने दोहोंपैकी एक कळ दाबावयाची आणि कोणती कळ किती मिलिसेकंदांनी दाबली गेली याची नोंद ठेवावयाची, असा साधा प्रयोग होता. त्यासाठी आर्डुइनो उनो या बोर्डाला मेमरी कार्ड जोडून एक पेटी तयार केली होती. विभागात ती पंधरा दिवस विनातक्रार चालली. दक्षिण कोकणातील एका गावी तिसऱ्या दिवशी मात्र कार्ड ओळखले जाईना. ते संगणकावर उघडले तेव्हा आदल्या दिवसाच्या नोंदींतही काही ओळी विद्रूप झालेल्या आढळल्या. ज्या वृद्ध बाईंनी दोन तास बसून उत्तरे दिली होती, त्यांनी, एकदा सांगितलेले पुन्हा कशाला सांगावयाचे, असे सौजन्याने विचारले. त्यांचे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर होते. जो श्रोता चाचणी एकदा देऊन बसला, तो दुसऱ्या वेळी पहिल्यासारखा अनभिज्ञ उरत नाही. ती सामग्री गेली ती कायमची.

दोष कोणा विक्रेत्याचा वा निर्मात्याचा नव्हता. पाच व्होल्टांच्या तारा तीन व्होल्टांच्या कार्डाला सरळ जोडल्या होत्या, एवढेच. ‘चालते आहे’ हे जोडणी बरोबर असल्याचे प्रमाण नव्हे, हा या लेखाचा मुख्य सिद्धांत असून तो का खरा आहे आणि जोडणी बरोबर कशी करावी, याचे विवेचन पुढे करावयाचे योजिले आहे.

२. दोन पक्षांचा परिचय

आर्डुइनोचा प्रारंभ इटलीतील इव्हरेआ येथे २००५ साली झाला. उनो हा बोर्ड २०१० सालचा. त्यावरील ‘एटीमेगा ३२८’ ही चिप पाच व्होल्टांवर चालते. तिची कार्यस्मृती २ किलोबाइट आणि वीज गेल्यावरही टिकणारी नोंदस्मृती केवळ १ किलोबाइट आहे. वरील प्रयोगात एका उत्तराची ओळ सुमारे ४० बाइटांची होते. म्हणजे दोनशे उत्तरांना ८,००० बाइट लागतात. इतकी सामग्री चिपमध्ये मावत नाही, म्हणून बाह्य स्मृतीची गरज पडते.

एसडी कार्ड १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून पुढे आणले. त्याची मायक्रोएसडी ही लहान आवृत्ती आज सर्वत्र आढळते. कार्डाच्या विनिर्देशानुसार त्याला २.७ ते ३.६ व्होल्ट इतकाच पुरवठा द्यावयाचा असतो, व्यवहारात ३.३ व्होल्ट देतात. कार्डाशी बोलण्याच्या दोन रीती आहेत. त्यांपैकी एसपीआय ही साधी रीत उनोसारख्या लहान यंत्रांना सोयीची पडते. तीत चार तारा लागतात : कार्डाची निवड करणारी (उनोवर सामान्यतः पिन १०), नियंत्रकाकडून कार्डाकडे माहिती नेणारी (पिन ११), कार्डाकडून नियंत्रकाकडे माहिती आणणारी (पिन १२) आणि ठोके देणारी (पिन १३). यांशिवाय पुरवठ्याची तार आणि दोघांना समान असे ग्राउंड.

चारांपैकी तीन तारांवर नियंत्रक बोलतो व कार्ड ऐकते. एका तारेवर कार्ड बोलते व नियंत्रक ऐकतो. हा भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे, कारण दोन्ही दिशांचे प्रश्न भिन्न असून त्यांची उत्तरेही भिन्न आहेत.

३. ‘एक’ आणि ‘शून्य’ यांचे मूल्य

अंकीय यंत्रांत ‘एक’ व ‘शून्य’ अशी दोनच चिन्हे असतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तारेवर प्रत्यक्षात ना ‘एक’ असतो ना ‘शून्य’. तेथे असतो तो केवळ विद्युद्दाब आणि तो अखंड राशी आहे. त्या राशीवर सीमा आखून ‘याच्या वर एक, त्याच्या खाली शून्य’ असा निर्णय ऐकणारी चिप करते.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास ही कल्पना अपरिचित नाही. स्पर्शव्यंजनाचा स्फोट आणि घोषाचा आरंभ यांतील कालांतर ही अशीच अखंड राशी आहे. लिस्कर व अब्रॅमसन यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अकरा भाषांतील आद्य स्पर्शांची या दृष्टीने मोजमापे घेतली. त्या अकरांत मराठीही होती. राशी एकच असली तरी तिचे वर्ग पाडण्याची रीत भाषेगणिक निराळी असते, हे त्यातून स्पष्ट झाले. चिन्हाचे मूल्य चिन्हात नसून व्यवस्थेत असते, हे सोस्यूरपासून आपण शिकत आलो आहोत. तारेवरील ३ व्होल्ट हेही असेच आहेत : ते ‘एक’ आहेत की नाहीत, हे कोणती चिप ऐकते आहे यावर अवलंबून राहते.

आता आकडे पाहू. कार्डाला ३.३ व्होल्ट पुरवठा असेल, तर ते २.०६ व्होल्टांहून अधिक दाबास ‘एक’ आणि ०.८२ व्होल्टांहून कमी दाबास ‘शून्य’ मानते. म्हणजे पुरवठ्याच्या अनुक्रमे ६२.५ टक्के व २५ टक्के. मधला प्रदेश अनिश्चिततेचा. तेथे कार्ड काय ऐकेल याची हमी कोणी देत नाही. उनोवरील चिप पाच व्होल्टांवर चालत असल्याने तिच्या सीमा उंचावरच्या आहेत : ३.० व्होल्टांच्या वर ‘एक’ आणि १.५ व्होल्टांच्या खाली ‘शून्य’. सारांश, उभयतांची लिपी एक, व्याकरण एक. परंतु उच्चाराची पट्टी वेगळी.

येथे भाषेचे उदाहरण थांबते. परभाषेचा उच्चार ऐकून श्रोत्याचा फार तर गैरसमज होतो. त्याच्या कानास इजा होत नाही. कार्डाच्या बाबतीत मात्र सीमेचा तिसरा प्रकारही आहे, आणि तो सहनशक्तीचा. कार्डाच्या कोणत्याही संकेतपिनवर त्याच्या पुरवठ्यापेक्षा ०.३ व्होल्टांहून अधिक दाब येऊ नये, असा दंडक आहे. म्हणजे ३.३ व्होल्टांच्या पुरवठ्यास कमाल मर्यादा ३.६ व्होल्ट. उनो ‘एक’ म्हणताना जवळजवळ ५ व्होल्ट देतो. कार्डाला तो ‘एक’ समजतो, यात शंका नाही. प्रश्न तो सोसण्याचा आहे.

४. सरळ जोडणी का चालते आणि का बिघडते

मग सरळ जोडलेली पेटी पंधरा दिवस कशी चालली? याचे उत्तर चिपच्या रचनेत आहे. बहुतेक चिपांच्या प्रत्येक पिनपाशी स्थिर विद्युतेच्या झटक्यापासून रक्षण व्हावे म्हणून बारीक डायोड बसविलेले असतात. पिनवरील दाब पुरवठ्याच्या फार वर गेला, की वरचा डायोड वाहू लागतो आणि जादा प्रवाह पुरवठ्याच्या तारेत सोडून देतो. हा बंदोबस्त क्षणिक झटक्यासाठी आहे. पाच व्होल्टांची तार सरळ जोडली म्हणजे तोच डायोड प्रत्येक ‘एक’च्या वेळी, सेकंदास लाखो वेळा, राबविला जातो.

याचे परिणाम दोन. पहिला असा, की हा प्रवाह कार्डाच्या ३.३ व्होल्टांच्या पुरवठ्यात शिरून त्याची पातळी वर ढकलतो. पुरवठाच हलला, म्हणजे पुरवठ्याच्या प्रमाणात ठरलेल्या सर्व सीमाही हलतात. दुसरा असा, की डायोड व त्यालगतचा भाग हळूहळू दुबळा होत जातो. काही कार्डे हे महिनोन्‌महिने सोसतात, काही पहिल्याच दिवशी मरतात. ते त्या त्या कार्डाच्या घडणीवर अवलंबून आहे. म्हणून एखाद्या मित्राची जोडणी ‘अशीच तर आहे आणि चालते’ हा युक्तिवाद निरुपयोगी ठरतो.

कार्ड मरणे ही त्यातल्या त्यात बरी आपत्ती. ती निदान दिसते. न दिसणारी आपत्ती अधिक वाईट. एसपीआय रीतीत कार्ड सुरू झाल्यानंतर माहितीची बेरीज-तपासणी, म्हणजे पाठविलेले व पोचलेले बाइट सारखे आहेत की नाहीत याची पडताळणी, मुळात बंद असते. आपण मागितली तरच ती सुरू होते आणि उनोवरील प्रचलित लायब्ररी ती मागत नाही. त्यामुळे एखाद्या ‘एक’च्या जागी कार्डाने ‘शून्य’ ऐकले, तरी ते ‘माहिती पोचली’ असेच उत्तर देते. ६४३ मिलिसेकंदांच्या जागी ६४१ लिहिले गेले, तर ते विद्रूप ओळीसारखे डोळ्यांत भरत नाही. सरासरीत मुकाट्याने मिसळून जाते. विद्युद्दाबाची ढिलाई अशा रीतीने सामग्रीच्या सत्यतेपर्यंत येऊन पोचते.

५. दाब उतरविण्याचे उपाय

नियंत्रकाकडून कार्डाकडे जाणाऱ्या तीनही तारांवर दाब उतरविला पाहिजे. सर्वांत सोपा उपाय दोन रेझिस्टरांचा. पहिला रेझिस्टर नियंत्रकाची पिन आणि कार्डाची पिन यांच्यामध्ये, दुसरा कार्डाची पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये. दाब दोघांत त्यांच्या मूल्यांच्या प्रमाणात वाटला जातो. पहिला १ किलोओहम व दुसरा २ किलोओहम घेतल्यास कार्डाला पाचाचे दोन तृतीयांश, म्हणजे ३.३३ व्होल्ट मिळतात.

कागदावर हे निर्दोष दिसते. परंतु रेझिस्टरची छापील किंमत आणि खरी किंमत यांत ५ टक्के तफावत असू शकते, आणि यूएसबीचा पुरवठा ५.२५ व्होल्टांपर्यंत असणे नियमात बसते. सर्व चुका एकाच बाजूस पडल्या, तर वरील जोडीतून ३.६१ व्होल्ट बाहेर येतात आणि मर्यादा किंचित ओलांडली जाते. त्याऐवजी १.८ व ३.३ किलोओहम घेतल्यास नेहमीचा दाब ३.२४ व्होल्ट आणि अत्यंत प्रतिकूल स्थितीतही ३.५२ व्होल्टांच्या आत राहतो. एक टक्का अचूकतेचे रेझिस्टर घेतल्यास हा प्रश्न आणखी सौम्य होतो.

वीज वाचावी म्हणून मोठी मूल्ये, उदाहरणार्थ १० व २० किलोओहम, घेण्याचा मोह होतो. गुणोत्तर तेच असल्याने दाबही तोच येईल, असे वाटते. स्थिर दाबाच्या बाबतीत ते खरेच आहे. पण येथे दाब स्थिर नसतो. तार आणि कार्डाची पिन मिळून थोडी विद्युत्‌धारिता असते. समजा ती ३० पिकोफॅरड आहे. ती रेझिस्टरांतून भरावी लागते आणि भरण्यास वेळ लागतो. १० व २० किलोओहमांच्या जोडीत दाब शून्यापासून २.०६ व्होल्टांपर्यंत चढण्यास सुमारे १९० नॅनोसेकंद लागतात. लायब्ररीचा नेहमीचा वेग ४ मेगाहर्ट्झ आहे; म्हणजे ठोक्याची अर्धी फेरी १२५ नॅनोसेकंदांची. अर्थात ‘एक’ पुरता उच्चारला जाण्यापूर्वीच त्याची वेळ संपते. १ व २ किलोओहमांच्या जोडीस याच कामी सुमारे १९ आणि १.८ व ३.३ किलोओहमांच्या जोडीस सुमारे ३५ नॅनोसेकंद पुरतात. म्हणून मूल्ये लहान ठेवावीत आणि तारा आखूड. हातभर लांब तारांनी कार्ड लोंबकळत ठेवणाऱ्यास गणिताचा उपयोग होत नाही.

दुसरा उपाय बफर चिपचा. ७४एचसी४०५० या चिपमध्ये सहा बफर असतात आणि तिला ३.३ व्होल्टांवर चालवूनही तिच्या प्रवेशपिनवर पाच व्होल्ट निर्धास्तपणे देता येतात, कारण वर उल्लेखिलेला वरचा डायोड तिच्यात मुद्दामच ठेवलेला नाही. प्रत्येक बफर ‘एक’ ऐकतो आणि तोच ‘एक’ ३.३ व्होल्टांच्या पट्टीत पुन्हा उच्चारतो. येथे दाब कापला जात नाही. चिन्ह नव्याने उच्चारले जाते. त्यामुळे वेगही राखला जातो. ज्या पेटीवर एखाद्याचा प्रबंध अवलंबून आहे, तिच्यात हाच उपाय योजावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बाजारात दोन्ही दिशांनी आपोआप दाब बदलणारे छोटे पट्टेही मिळतात. त्यांतील एकेक ट्रान्झिस्टर व १० किलोओहमांचे रेझिस्टर असलेला प्रकार मंद गतीच्या जोडणीसाठी चांगला आहे. कार्डाच्या वेगास तो पुरा पडेलच असे नाही. कारण वरच्या परिच्छेदात आलेच आहे.

६. परतीची वाट

कार्डाकडून नियंत्रकाकडे येणाऱ्या तारेवर इजेचा प्रश्न नाही, ३.३ व्होल्ट पाच व्होल्टांच्या चिपला काय करणार? येथे प्रश्न ऐकू येण्याचा आहे. नियंत्रकास ‘एक’ ऐकण्यासाठी ३.० व्होल्ट लागतात आणि कार्ड सुमारे ३.३ व्होल्ट देते. म्हणजे मोकळीक अवघी ०.३ व्होल्टांची. शिवाय विनिर्देश कार्डाकडून ‘एक’साठी पुरवठ्याच्या ७५ टक्क्यांचीच, म्हणजे २.४८ व्होल्टांची हमी घेतो. हमीच्या भाषेत बोलावयाचे तर ही जोडणी सिद्ध होत नाही. अनुभवाच्या भाषेत ती चालते, कारण या तारेवर भार अत्यल्प असल्याने कार्डाचा ‘एक’ पुरवठ्याच्या अगदी जवळ राहतो.

प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिकास एवढे पुरते. परंतु कार्डाचा पुरवठा ३.३ ऐवजी ३.० व्होल्टांवर उतरला, की ही मोकळीक संपते, हे विसरू नये. अधिक खात्री हवी असल्यास पाच व्होल्टांवर चालणारी ७४एचसीटी१२५ ही चिप मध्ये घालावी. तिची ‘एक’ ऐकण्याची सीमा २.० व्होल्ट असल्याने तिला कार्डाचा आवाज स्पष्ट ऐकू येतो आणि ती तो पाच व्होल्टांच्या पट्टीत पुढे सांगते. या तारेवर दोन रेझिस्टरांचे विभाजन मात्र कदापि करू नये. आधीच हळू असलेला आवाज त्याने अधिक क्षीण होतो. चारही तारांना सारखाच उपचार करण्याची चूक विद्यार्थ्यांच्या जोडणीत वारंवार दिसते.

७. कार्डाचे पोषण

संकेताच्या तारा नीट असूनही पुरवठा दुबळा असेल तर सर्व व्यर्थ. कार्ड स्वस्थ असताना अल्प प्रवाह घेते, परंतु लिहिताना तो क्षणभर १०० मिलिअँपिअर वा त्याहूनही वर जाऊ शकतो. उनोच्या ३.३ व्होल्टांच्या पिनमधून ५० मिलिअँपिअरांहून अधिक घेऊ नये, असे त्याच्या अधिकृत माहितीत नमूद आहे. लिहिण्याच्या नेमक्या क्षणी पुरवठा खचला, की वाचन ठीक चालते आणि लेखन तेवढे बिघडते, असा गोंधळात टाकणारा दोष उत्पन्न होतो. म्हणून कार्डासाठी स्वतंत्र ३.३ व्होल्टांचा रेग्युलेटर घ्यावा आणि कार्डाच्या पिनांलगत ०.१ व १० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर लावावेत.

रेग्युलेटर व बफर दोन्ही असलेले तयार कार्डधारक आज सहज मिळतात आणि बहुतेकांनी तेच घ्यावेत. त्यांच्याविषयी दोन सावधगिऱ्या सांगावयाच्या. अशा धारकाच्या पुरवठापिनवर पाच व्होल्टच द्यावयाचे असतात. ‘कार्ड ३.३ व्होल्टांचे’ हे वाक्य स्मरून कोणी तेथे ३.३ व्होल्ट दिले, तर जुन्या घडणीचा रेग्युलेटर स्वतःसाठी व्होल्टभर ठेवून घेतो आणि कार्डाला २.७ व्होल्टही मिळत नाहीत. दुसरे असे, की काही धारकांवरील बफर परतीची तार कधीच सोडत नाही; कार्डाची निवड रद्द केली तरी तो बोलतच राहतो. त्याच तारांवर दुसरे एखादे उपकरण असेल, तर दोघांचे आवाज मिसळतात.

८. संवादाचा आरंभ

जोडणी झाल्यावर कार्डाला जागे करावे लागते. हे काम लायब्ररी करते, तरी त्याचा क्रम माहीत असल्यास दोष शोधणे सोपे जाते. प्रथम निवडीची तार वर ठेवून किमान ७४ ठोके द्यावयाचे. तेही सावकाश, १०० ते ४०० किलोहर्ट्झ या वेगाने. मग आज्ञा क्रमांक ०. तिला ‘मी स्वस्थ आहे’ या अर्थाचे १ हे उत्तर येते. त्यानंतर आज्ञा क्रमांक ८. या आज्ञेत नियंत्रक आपण देत असलेल्या दाबाची कक्षा, २.७ ते ३.६ व्होल्ट, सांगतो आणि सोबत एक ठराविक नमुना पाठवितो. कक्षा मान्य असल्यास कार्ड ती व तो नमुना जसाच्या तसा परत पाठविते. परिचयाच्या प्रारंभीच दाबाची विचारपूस व्हावी, हे सूचक आहे. मात्र ही विचारपूस पुरवठ्याच्या कक्षेविषयीची असून संकेताच्या तारांवर प्रत्यक्षात किती दाब आहे, हे तीत उघड होत नाही. पाच व्होल्टांच्या तारांनीही ‘२.७ ते ३.६’ असे सांगता येते आणि कार्ड त्यावर विश्वास ठेवते.

९. नोंद लिहिताना

कार्डावर एकेक अक्षर लिहिता येत नाही. लिहिण्याचे एकक ५१२ बाइटांचा ठोकळा हे आहे. लायब्ररी हा ठोकळा उनोच्या कार्यस्मृतीत जमवीत जाते. २,०४८ पैकी चौथाई स्मृती त्यातच खर्च होते. ओळ छापली म्हणजे कार्डावर गेली, असे नव्हे. ती पाठविण्याची स्पष्ट आज्ञा प्रत्येक उत्तरानंतर द्यावी. त्यात थोडा वेळ जातो, पण वीज गेल्यास फार तर एक उत्तर बुडते.

लिहिताना कार्ड कधी कधी २५० मिलिसेकंदांपर्यंत अडून राहू शकते. प्रतिक्रियाकाल मोजणाऱ्यास हा अवधी प्रचंड आहे. यास्तव शब्द ऐकविणे आणि कळ दाबली जाणे यांच्या मध्ये कधीही लिहू नये. उत्तर मिळाल्यावर लिहावे आणि लेखन पुरे झाल्यावरच पुढचा शब्द ऐकवावा.

मूळ लायब्ररीत फाइलीचे नाव आठ अक्षरे व विस्ताराची तीन अक्षरे इतकेच, आणि तेही रोमन लिपीत, ठेवता येते. फाइलीच्या आत देवनागरी लिहिण्यास हरकत नाही; प्रत्येक वर्णचिन्हास तीन बाइट लागतात, ‘जरा’ या शब्दास नऊ. परंतु प्रस्तुत प्रयोगात खरी अडचण निराळी आहे. दोन्ही ‘जग’ देवनागरीत एकसारखेच दिसतात. नोंदीत शब्द लिहिला, तर ज्या भेदाचा शोध घ्यावयाचा तोच नोंदीतून पुसला जातो. म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणास क्रमांक द्यावा आणि कार्डावर क्रमांकच लिहावा.

शेवटी, कार्ड पडताळणी करीत नाही म्हणून ती आपण करावी. प्रत्येक ओळीच्या अखेरीस त्या ओळीतील बाइटांची बेरीज लिहावी. संध्याकाळी संगणकावर ती पुन्हा करून पाहिली, की बिघडलेली ओळ बहुधा ओळखू येते, आणि गाव सोडण्यापूर्वी ओळखू येते.

१०. समारोप

आज पाच व्होल्टांचा हा व्याप टाळताही येतो. २०२१ साली आलेला रास्पबेरी पाय पिको किंवा ईएसपी ३२ यांसारखे नियंत्रक मुळातच ३.३ व्होल्टांवर चालतात आणि कार्ड त्यांना सरळ जोडता येते. तथापि २०२३ सालचा उनोचा नवा अवतारही पाच व्होल्टांचाच आहे, आणि विभागांच्या कपाटांत जुने उनो पुष्कळ आहेत. तेव्हा हा विषय कालबाह्य झालेला नाही.

पेटी घेऊन बाहेर पडण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. कार्ड न घालता बहुमापकाने पुरवठा आणि तीनही संकेतपिनांवरील ‘एक’चा दाब मोजावा, कोणताही आकडा ३.६ व्होल्टांच्या वर असता कामा नये. नंतर कार्ड घालून ठराविक नमुन्याचे हजार ठोकळे लिहावेत व वाचून ताडून पाहावेत. आणि हीच परीक्षा क्षेत्रात वापरावयाच्या वीजसाधनावर, तितक्याच वेळेपर्यंत, पुन्हा करावी. कित्येक पॉवर बँक अल्प प्रवाह पाहून आपणहून बंद पडतात, हे टेबलावर कळत नाही.

आमच्या पेटीत आता ७४एचसी४०५० ही चिप आहे आणि प्रत्येक ओळीस बेरीज आहे. त्या बाईंची उत्तरे मात्र आमच्या सामग्रीत नाहीत. त्यांच्या नावापुढील रकाना रिकामाच ठेवला आहे. तो भरून काढण्याचा अधिकार आम्हांस नाही.